व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क: आतली टाकायची की बाहेरची घ्यायची?



चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावात कामाला उसंत नसते. गावोगावच्या यात्रा, बैलगाड्यांचे घाट, पाडव्याच्या तोंडावर नारायणगावात लागणाऱ्या तमाशा फडांच्या राहुट्या आणि त्यातच लग्नाच्या तिथी. ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याची वर्षाची निम्मी कमाई याच दोन-तीन महिन्यांत होते. आणि याच दिवसांत माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "दादा, रेकॉर्डिंगला हार्ड डिस्क आतली टाकू की बाहेरची घेऊ?"

लोकांना वाटतं दुकानदार म्हणून मी महाग असेल ते सांगणार. तसं नाही. या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः पैसे भरून शिकलोय. तेच आधी सांगतो.

माझी चूक

सुप्रीम कोर्टाने १६ डिसेंबर २०२१ ला बैलगाडा शर्यतीला अटींवर परवानगी दिली. २०१४ पासून बंद असलेले घाट पुन्हा सुरू झाले आणि २०२२ च्या हंगामात लाईव्ह करणाऱ्यांना एकदम मागणी आली. मीही एका गावची यात्रा घेतली. दोन कॅमेरे, कॅप्चर कार्ड, लॅपटॉप, सगळं जमवलं. लॅपटॉपच्या आत जागा कमी होती, म्हणून रेकॉर्डिंग थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवर लावलं. डिस्क लॅपटॉपशेजारी फळीवर, मध्ये एक हातभर केबल.

दिवसभर सगळं नीट चाललं. फायनलच्या बारीला गर्दी स्टेजकडे सरकली, कुणाचा तरी पाय केबलीत अडकला, आणि डिस्क निसटली. मी परत जोडली, पण सकाळपासून चालू असलेली ती एकच मोठी फाईल उघडेना. साईज दिसत होती, चित्र नाही. नेट कमी असल्यामुळे लाईव्हही तुटत तुटत गेलेलं, म्हणजे तिकडूनही काही हाताला लागलं नाही.

यात्रा कमिटीचे पैसे परत दिले, ते एका हंगामात भरून निघाले. पण आठ दिवसांनी एक गाडामालक दुकानात आला. त्याचा म्हातारा बैल त्या दिवशी शेवटचा पळाला होता, पुढे त्याला पळवणार नव्हते. "किती पण पैसे घे, पण तेवढी बारी दे," म्हणाला. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. चहा पिऊन गेला बिचारा, एक शब्द वाईट बोलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून आजचा धडा. हार्ड डिस्क ही आपल्या धंद्यातली तिजोरी आहे. कॅमेरा भाड्याने मिळतो, लेन्स भाड्याने मिळते. गेलेला क्षण भाड्याने मिळत नाही.

आधी गणित करा, मग खरेदी

बहुतेक जण "स्पीड किती?" इथून सुरुवात करतात. आपण उलटं करू. आधी आपल्याला किती स्पीड लागतो ते काढू.

कॅमेरा किंवा ओबीएस सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट दिलेला असतो, मेगाबिट प्रति सेकंदात. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. आणि एक सोपी युक्ती लक्षात ठेवा: बिटरेटला ०.४५ ने गुणलं की तासाला किती जीबी लागतील ते मिळतं.

- ओबीएसवर फुल एचडी रेकॉर्डिंग, २० मेगाबिट: सेकंदाला २.५ एमबी, तासाला ९ जीबी.
- कॅमेऱ्यात फुल एचडी, ५० मेगाबिट: सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी.
- कॅमेऱ्यात फोर-के, १०० मेगाबिट: सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी.

आता डिस्कचा स्पीड बघा. साधी फिरत्या चकतीची पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी लिहिते, भरत आली की त्याहून कमी. साटा एसएसडी साधारण ५०० एमबी. एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कितीतरी पट.

लक्षात आलं का? आपल्याला सेकंदाला अडीच ते साडेबारा एमबी हवेत आणि सगळ्यात स्वस्त डिस्कही १०० देते. म्हणजे "बाहेरची डिस्क स्लो असते म्हणून रेकॉर्डिंगला चालत नाही" हे आपल्या कामापुरतं खरं नाही. ते यूएसबी २.० च्या जमान्यातलं वाक्य आहे. माझी डिस्कही स्लो नव्हती. ती निसटली.

स्पीड खरा कधी लागतो? कॉम्प्रेस न केलेला व्हिडिओ कॅप्चर करायचा असेल तर. फुल एचडी, २५ फ्रेम, ८ बिट असा कच्चा व्हिडिओ सेकंदाला शंभरच्या वर एमबी खातो, तासाला पावणेचारशे जीबीच्या आसपास. तिथे फिरती डिस्क मार खाते, एसएसडीच पाहिजे. पण लग्न आणि यात्रेच्या कामात कच्च्या व्हिडिओची गरज पडत नाही.

मग रेकॉर्डिंग कशामुळे बिघडतं?

आपल्या भागातली चार कारणं सांगतो.

एक, केबल. बाहेरच्या डिस्कची रुंद चपटी पिन वर्षभरात सैल होते. धक्का लागला, डिस्क क्षणभर तुटली, संपलं. आतल्या डिस्कला हा धोकाच नाही.

दोन, हादरे. फिरत्या डिस्कमध्ये चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावर केसापेक्षाही बारीक अंतर ठेवून हेड तरंगत असतं. यात्रेत लाकडी स्टेजवर, डीजेच्या बॉक्सशेजारी ती ठेवली की हेड जागेवर राहत नाही. डिस्क पुन्हा पुन्हा लिहायचा प्रयत्न करते, स्पीड पडतो, फ्रेम उडतात. चालू डिस्क टेबलावरून पडली तर बहुतेक वेळा कामातून गेलीच म्हणून समजा. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे हादऱ्यांची भीती नाही.

तीन, लाईट. पोर्टेबल छोटी डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीवर चालते, लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहते. पण मोठी टेबलावरची बाहेरची डिस्क, जिला वेगळा अडॅप्टर लागतो, ती लाईट किंवा जनरेटर गेला की त्याच क्षणी बंद पडते. ती रेकॉर्डिंगला अजिबात वापरू नका. डेस्कटॉप वापरत असाल तर यूपीएस हवाच.

चार, एकाच वाटेवर दोन गाड्या. कॅप्चर कार्ड आणि बाहेरची डिस्क एकाच यूएसबी हबला लावली की दोघं एकच रस्ता आणि एकच वीज वाटून घेतात. फुल एचडी, ६० फ्रेमचा कच्चा सिग्नल आत घेणारं कार्ड एकटंच सेकंदाला जवळपास २५० एमबी खातं. यूएसबी ३.० चा रस्ता प्रत्यक्षात ४०० एमबीच्या आसपासचा. मग कोंडी होऊ शकते. हब टाळा, कार्ड एका पोर्टला आणि बाकीचं दुसऱ्या पोर्टला.

माझा नियम

या सगळ्यावरून मी एक नियम केलाय आणि ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला तो वहीत लिहायला लावतो:

काम चालू असेपर्यंत आतली डिस्क, काम संपल्यावर बाहेरची डिस्क.

रेकॉर्डिंग आणि एडिटिंग आतल्या एसएसडीवर. कॉपी, साठवण आणि गिऱ्हाइकाला देणं बाहेरच्या डिस्कवर. म्हणजे "आतली की बाहेरची" हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. दोन्ही लागतात, फक्त दोघींची कामं वेगळी आहेत. बैल आणि गाय दोन्ही गोठ्यात असतात, पण कुणी गाईला नांगराला जुंपत नाही.

आता आपल्याकडची तीन कामं घेऊन बघू.

पहिलं काम: यात्रा आणि बैलगाडा लाईव्ह

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा म्हणजे १० तास. २० मेगाबिटने ९० जीबी. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर किमान १५० जीबी मोकळे ठेवा आणि रेकॉर्डिंग तिथेच लावा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली तर विंडोजच अडखळायला लागतं, म्हणून मोकळी जागा सोडायचीच.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी टाकायची जागा असते. खरेदीच्या आधी लॅपटॉप दुकानात घेऊन जा आणि उघडून बघायला सांगा. जागा असेल तर विंडोज एकीवर, रेकॉर्डिंग दुसरीवर. ही सगळ्यात चांगली सोय.

ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमपी४ ऐवजी एमकेव्हीमध्ये ठेवा. साध्या एमपी४ फाईलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मध्येच खंड पडला तर आतला व्हिडिओ असूनही प्लेअरला वाचता येत नाही. माझं तेच झालं. एमकेव्ही असती तर निदान सकाळपासूनच्या बाऱ्या वाचल्या असत्या. काम झाल्यावर ओबीएसच्या फाईल मेनूतल्या रिमक्स पर्यायाने दोन मिनिटांत एमपी४ करता येते, क्वालिटी कमी होत नाही.

आणि दिवसभराची एकच फाईल करू नका. ओबीएसमध्ये ठरावीक वेळाने फाईल तोडायची सोय आहे. अर्ध्या तासाला एक लावा. बुडालीच तर एक बुडेल, सगळ्या नाही.

यूट्यूबवर १२ तासांपेक्षा कमी वेळाचं लाईव्ह जतन होतं. पण त्यावर विसंबू नका. घाटावर नेट गेलं की तेवढा तुकडा तिथे नसतोच.

दुसरं काम: लग्नाचं शूटिंग

इथे रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या कार्डावर होतं. प्रश्न येतो घरी आल्यावर. दोन कॅमेरे, प्रत्येकी ४ तासांचं फुटेज, ५० मेगाबिट: १८० जीबी. हे कार्डातून उतरवायला किती वेळ लागतो बघा. जुन्या यूएसबी २.० ने सेकंदाला ३५ एमबी धरले तर जवळपास दीड तास. यूएसबी ३.० वर साध्या पोर्टेबल डिस्कला अर्धा तास. एसएसडीला, कार्ड आणि रीडरही तेवढे जलद असतील तर, आठ-दहा मिनिटं. रात्री बारा वाजता हळदीवरून आल्यावर आणि सकाळी सहाला पुन्हा निघायचं असताना हा फरक मोठा असतो. थकलेला माणूस "उद्या करू" म्हणतो, आणि उद्या तेच कार्ड फॉरमॅट होतं.

क्रम असा ठेवा. कार्डावरून आतल्या एसएसडीवर, मग बाहेरच्या डिस्कवर. दोन्हीकडे फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. मगच कार्ड फॉरमॅट. दोन कॉपी झाल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही, मग पाहुणे कितीही घाई करोत.

एडिटिंग बाहेरच्या फिरत्या डिस्कवरून करू नका. एका वेळी दोन-तीन कॅमेऱ्यांचे तुकडे वाचताना हेडची इकडून तिकडे पळापळ होते आणि टाइमलाइन अडकते. एडिटिंग आतल्या एसएसडीवर, काम संपलं की प्रोजेक्ट बाहेर.

तिसरं काम: जुन्या कॅसेटी उतरवून देणं

हा धंदा आपल्याकडे अजून कुणी नीट केलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय. घरोघरी ट्रंकेत नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी पडल्यात. व्हीसीआर बंद, टेपला बुरशी. ज्यांचे आजी-आजोबा आता फक्त त्या टेपमध्येच आहेत, ती माणसं आनंदाने पैसे देतात.

यात डिस्कचं गणित सोपं आहे. व्हीएचएस ८ मेगाबिटच्या एमपीईजी-२ मध्ये उतरवलं तर तासाला साडेतीन जीबीच्या थोडं वर. मिनी डीव्ही कॅसेट तासाला १३ जीबी. कच्चं उतरवायचं तर तासाला ७५ जीबी. दुकानात डेस्कटॉप ठेवा, यूपीएस लावा आणि आत रेकॉर्डिंगसाठी दुसरी डिस्क टाका. टेबल हलत नाही, डीजे नाही, त्यामुळे इथे आतली फिरती हार्ड डिस्कही चालते आणि तेवढ्याच पैशात जागा जास्त मिळते. जुनी टेप कधी कधी एकदाच चालते, दुसऱ्यांदा तुटते. म्हणून कॅप्चर चालू असताना त्याच पीसीवर दुसरं काम करू नका.

बाहेरच्या डिस्कवर रेकॉर्ड करावंच लागलं तर

काही पातळ लॅपटॉपना दुसरी जागा नसते. काही कॅमेरे आणि फोन थेट बाहेरच्या एसएसडीवर रेकॉर्ड करतात. आयफोन १५ प्रोमध्ये ती सोय आहे. मग एवढं पाळा:

- फिरती डिस्क नको, बाहेरची एसएसडीच घ्या.
- केबल आखूड, आणि दोन्ही टोकं टेपने लॅपटॉपला चिकटवा. दिसायला वाईट दिसतं, पण काम राहतं.
- फॉरमॅट एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. मॅकवर एनटीएफएस नुसती वाचता येते, लिहिता येत नाही, म्हणून दोन्हीकडे काम असेल तर एक्सफॅट.
- विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये डिस्क आणि यूएसबी झोपी जाण्याचा पर्याय बंद करा.
- कामाच्या आदल्या दिवशी एक तासाचं खोटं रेकॉर्डिंग करून बघा. काही स्वस्त एसएसडी सुरुवातीला पळतात आणि मोठी फाईल लिहिताना मध्येच मंदावतात.

आणि ऑनलाइन दिसणाऱ्या "१६ टीबी एसएसडी" अगदी स्वस्तात, असल्या वस्तूंपासून लांब राहा. आत छोटं मेमरी कार्ड असतं, विंडोजला खोटी साईज दाखवतात, आणि जागा संपल्यावर जुन्या फाईलवरच नवीन लिहीत जातात. नवीन डिस्क घेतली की एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. बाकी १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नाही. मोजायची पद्धत वेगळी आहे.

साठवणीचा खर्च कुणाच्या खिशातून?

इथे बीबीएची पुस्तकं कामाला येतात. बहुतेक पोरं डिस्कचा खर्च घरखर्चात टाकतात आणि नंतर म्हणतात धंद्यात काही उरत नाही.

समजा ४ टीबीची बाहेरची डिस्क ६,००० रुपयांना मिळाली. तिची दहा टक्के जागा मोकळी सोडा, राहिले ३,६०० जीबी. एका लग्नाला १८० जीबी, म्हणजे २० लग्नं. एका लग्नाला ३०० रुपये. दोन कॉपी ठेवायच्या म्हणून ६०० रुपये. हे ६०० रुपये कोटेशनमध्ये धरलेच पाहिजेत. तुमच्या खरेदीचा आकडा टाकून हेच गणित करा. जीएसटी नोंदणी असेल तर पक्कं बिल घ्या आणि तुमच्या सीएला इनपुट क्रेडिटचं विचारा.

दुसरं, पावतीवर एक ओळ छापून घ्या: "मूळ फुटेज डिलिव्हरीनंतर ९० दिवस ठेवले जाईल." दिवस तुम्ही ठरवा, पण लिहा. नाहीतर तीन वर्षांनी नवरदेव येतो आणि विचारतो. ज्यांना जास्त दिवस हवं त्यांच्याकडून डिस्कचे पैसे घेऊन डिस्क त्यांनाच द्या. त्यांचंही समाधान, तुमचीही जागा मोकळी.

तिसरं, दोन कॉपी एकाच कपाटात ठेवू नका. एक दुकानात, एक घरी. चोरी, पाणी, शॉर्टसर्किट, काही झालं तरी एक राहते. वर्षानुवर्षं ठेवायच्या कॉपीसाठी फिरती हार्ड डिस्क बरी, कारण एसएसडी फार दिवस विजेविना पडून राहिली तर डेटा उडू शकतो. फिरत्या डिस्कलाही सहा महिन्यांतून एकदा जोडून फाईली उघडून बघा.

पैसे कमी असतील तर कुठून सुरुवात?

१. आधी लॅपटॉपच्या आत एसएसडी. कॅमेऱ्याची दुसरी लेन्स नंतर.
२. मग एक बाहेरची हार्ड डिस्क, फक्त कॉपीसाठी. ती शूटिंगला न्यायची नाही.
३. पहिल्या पाच ऑर्डरींच्या पैशातून दुसरी बाहेरची डिस्क, घरी ठेवायला.
४. बाहेरची एसएसडी सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच.

आज एवढं करा. तुमच्याकडे आत्ता जेवढं काम पडलंय, त्यातलं किती काम एकाच डिस्कवर आहे ते वहीत लिहून काढा. ज्या कामापुढे "एकच" लिहिलं जाईल, त्याची दुसरी कॉपी आज रात्री झोपायच्या आधी करा. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही, मित्राची डिस्क चार दिवस मागून आणा.

तो गाडामालक अजून यात्रेत भेटतो, रामराम होतो. दर वेळी मी मनात एकदा मोजतो, की आजच्या रेकॉर्डिंगच्या कॉपी किती झाल्या. दोन झाल्या असतील तरच घरी जातो.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत काम करा, आणि कॉपी करा.